हार्डडिस्क, लग्नपत्रिका आणि रुसलेला मावसा

मागच्या आठवड्यात शेजारचे कृषी केंद्रवाले भाऊ दुकानात आले. खरीप तोंडावर आलेला, बियाण्यांच्या पेट्या उतरत असलेल्या, आणि यांच्या कॉम्प्युटरनं सकाळपासून दोनदा निळा स्क्रीन दाखवलेला. त्यात टॅलीमध्ये, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाच वर्षांची उधारी.

"ताई, एक चांगली हार्डडिस्क सांगा बरं. कधी खराबच नाई झाली पायजे, अशी."

"अशी असती तं मी कायले रडली असती भाऊ?"

तेव्हा समोर बारशाच्या फ्लेक्सचं गिऱ्हाईक उभं होतं, पोराच्या फोटोला मुकुट लावून पायजे म्हणून अडून बसलेलं. त्यामुळे भाऊंना नीट सांगता आलं नाही. हे लिहून त्यांना पाठवते. इतरांच्याही कामात पडलं तर बरंच.

माझं दुकान यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, बिलबुकं, निवडणूक आली की पॉम्प्लेट. डिझाइन मी करते, फ्लेक्स यवतमाळहून छापून येतो. दुकान २०१२ मध्ये टाकलं. तेव्हा हार्डडिस्का महाग होत्या, कारण आदल्या वर्षी थायलंडात पूर आला होता आणि तिथले कारखाने पाण्यात गेले होते. थायलंडातल्या पावसानं माझ्या दुकानाचं बजेट वाढवलं, याची मला तेव्हा मोठी गंमत वाटली होती.

तर २०१९ चा एप्रिल. कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली होती, म्हणून सात वर्षांच्या सगळ्या फाइली मी १ टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर टाकल्या आणि कॉम्प्युटरमधून उडवल्या. वर लोकांना सांगत फिरले की माझा बॅकअप आहे. कसला बॅकअप? सामान या घरातून त्या घरात नेलं होतं, एवढंच. ज्या फाइलची दुसरी प्रत कुठंच नाही तिला बॅकअप म्हणायचंच नसतं, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

डिस्क सीपीयूवर उभी ठेवायची मला सवय होती. दुकानात कामाला असलेलं पोट्टं फडकं मारत होतं, वायर त्याच्या हाताला अडकली, आणि चालू असलेली डिस्क दोन-अडीच फुटांवरून फरशीवर आली. फुटली नाही, साधा चरासुद्धा नाही. पुन्हा लावली तर आतून टक... टक... टक... असा आवाज, नखानं टेबलावर वाजवावं तसा.

आत काय झालं ते मला पुढं कळलं. हार्डडिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या फिरतात, लहान पोर्टेबलमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. बंद डिस्क पडली तर हेड बाजूला नेऊन ठेवलेलं असतं, बरेचदा वाचते. चालू डिस्क पडली की हेड तबकडीवर आपटतं. टकटक म्हणजे हेड आपली जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून परत येतंय, पुन्हा जातंय. असा आवाज आला की लगेच वायर काढायची. मी मात्र आशेनं बारा-पंधरा वेळा लावून पाहिली. प्रत्येक वेळी आत आणखी खरवडलं गेलं असणार.

एसटीनं नागपूर गाठलं, सीताबर्डीत एका रिकव्हरीवाल्याकडं गेले. त्यानं डिस्क कानाला लावली, जसा आपण नारळ हलवून पाहतो तसा चेहरा केला आणि म्हणाला, हेड गेलं. बाहेर पाठवावी लागेल, तिथं धूळ नसलेल्या खोलीत उघडतील, बावीस हजार, गॅरंटी नाही. बावीस हजारांत मी त्या वेळी नवा कॉम्प्युटर घेतला असता. डिस्क पर्समध्ये टाकली आणि परत आले. आजही ती ड्रॉवरमध्ये आहे, पत्रिकांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून.

पत्रिकांच्या फाइली जाण्यानं काय बिघडतं, असं बाहेरच्याला वाटेल. आमच्याकडच्या पत्रिकेत नावं किती असतात ते त्याला माहीत नाही. थोरलीच्या लग्नाची पत्रिका माझ्याकडं झालेली असते, धाकटीच्या वेळी माणूस येतो आणि म्हणतो, तीच काढा, फक्त नवरदेवाचं नाव बदला. फक्त! तीन वर्षांत घरात तीन जवाई, दोन सुना आणि चार नातवंडं वाढलेली असतात. आणि एखादे आजोबा गेलेले असतात. मग 'प्रेषक'मधून त्यांचं नाव उचलायचं, वरच्या ओळीत न्यायचं आणि आधी 'स्व.' टाइप करायचं. समोर बसलेला मुलगा स्क्रीनकडं पाहत असतो. त्या वेळी मी काही बोलत नाही, कर्सरसुद्धा हळू हलवते.

कुणाची पत्रिका श्री गणेशानं सुरू होते, कुणाची 'नमो बुद्धाय'नं, कुणाची 'जय सेवा'नं. प्रत्येकाचे फोटो, चौकटी, ओळी वेगळ्या. सात वर्षांचं ते सगळं गेलं. राहिलं काय, तर प्रत्येक कामाची एक छापील पत्रिका मी पंच करून फाइलमध्ये लावत होते, गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला. तो कागदाचा गठ्ठाच माझा खरा बॅकअप निघाला. त्या उन्हाळ्यात मी त्यावरून पत्रिका पुन्हा टाइप केल्या. एका घरच्या पत्रिकेत शहाण्णव नावं होती, पंचाण्णव टाइप झाली. नवरीचा मोठा मावसा मांडवात आला आणि जेवला नाही. दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील दुकानात येऊन मला जे बोलले ते इथं लिहित नाही.

त्यानंतर मी हार्डडिस्क या विषयात शिरले. आता मुद्द्याचं.

लोक विचारतात कोणती कंपनी चांगली. जगात हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्याच आता तीन उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकीची नावं दिसतात ती डब्यावर, आतलं मशीन या तिघांपैकीच कुणाचं तरी असतं. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी आहे, लोकांचा डेटा सांभाळते. आपल्याकडच्या लाखो डिस्कांपैकी वर्षाला किती मेल्या, मॉडेलवार, हे ते २०१३ पासून जाहीर करतात. सगळ्या मिळून आकडा साधारण शंभरात एक-दोन असा येतो. एखादं मॉडेल चांगलं निघतं, एखादं वाईट, आणि ते तिन्ही कंपन्यांच्या बाबतीत होतं. शिवाय त्यांच्या डिस्का थंड खोलीत रॅकमध्ये बसून असतात. माझी डिस्क टिनाच्या छपराखाली, मे महिन्यात. तो आकडा माझ्या कामाचा तेवढाच.

तापमानाचं एकदा डब्यातल्या कागदावर वाचलं आणि हसूच आलं. चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश. बाप्पा! आमच्याकडं होळी गेली की दुपारी ३५ च्या खाली कोण येतं? मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. म्हणून उन्हाळ्यात मी बॅकअप सकाळी सातला घेते, शटर अर्धं उघडून, आणि काम झालं की डिस्क काढून ठेवते. थंडावा मिळावा म्हणून ती कूलरसमोर ठेवायची अक्कल मीही एकदा लढवली आहे. कूलरची हवा ओली असते, ताट्या नव्या असल्या तर शिंतोडेसुद्धा येतात. ते करू नका.

मग एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क, का नाही? तिच्यात फिरणारं काही नाही, पडली तरी सहसा काही होत नाही, वेगही भारी. रोजच्या कामाला मी आता तीच वापरते, कॉम्प्युटरच्या आत. पण बॅकअप म्हणजे महिनोन्महिने कपाटात पडून राहणारी वस्तू. एसएसडीत डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठतो आणि वीज न लावता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं जे मानक आहे ते असं, की लिहून लिहून आयुष्य संपत आलेल्या एसएसडीनं बिनविजेची, ३० अंशांवर, एक वर्ष डेटा सांभाळावा. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त काळ सांभाळते. पण तापमान वाढलं की मुदत घटते, आणि ३० अंश म्हणजे आमच्याकडची पहाट. पैशाच्या हिशेबातही तेवढ्याच जागेला हार्डडिस्क स्वस्त पडते. कपाटात ठेवायला हार्डडिस्कच.

तिच्यातही मोठी, भिंतीच्या अडॅप्टरवर चालणारी येते. ती मी घेतली नाही. आमच्याकडं लाईन कधी जाईल याचा नेम नाही आणि माझ्या यूपीएसची बॅटरी वर्षातले सहा महिने आजारीच असते. लहान पोर्टेबल यूएसबीवरच चालते, लॅपटॉपला लावली तर लाईन जाण्याची भीतीच नाही.

या पोर्टेबलची एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. बहुतेकींमध्ये डेटाच्या ओळी एकमेकींवर चढवून लिहितात, म्हणजे कमी जागेत जास्त मावतं. तंत्राचं नाव एसएमआर, त्यातला एस म्हणजे शिंगल्ड. शिंगल म्हणजे आपलं कवेलूच की. घर पहिल्यांदा शाकारताना खालून वर भराभर लावत जायचं, काही अडचण नाही. पण माकडांनी मधलं एक कवेलू फोडलं की ते बदलायला त्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात. या डिस्कचं तेच. एकदा भरताना ठीक चालते, पण जुनं पुसून मध्येमध्ये नवं लिहायला लागलो की खालावत खालावत पार बैलगाडी होते. म्हणून तिच्यावरची फाइल थेट कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून काम करू नये. लिहायचं, ठेवून द्यायचं. तेवढ्या कामाला ती चोख आहे.

दुसरी न सांगितलेली गोष्ट म्हणजे यूएसबीचं तोंड. काही मॉडेलांत ते डिस्कच्या बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं असतं. ते तुटलं तर आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालता येत नाही. आणि काहींमध्ये तुम्ही पासवर्ड लावला नसला तरी डेटा बोर्डावरच्या चिपमधून कुलूप लावूनच जातो; बोर्ड गेला की किल्ली गेली. म्हणून वायर वरखाली हलवून, ओढून काढायची नाही. उलट, डिस्क दिसेनाशी झाली तर रडण्याआधी वायर बदलून पाहा. दोनदा मला दोनशे रुपयांच्या वायरीनं घाबरवलं आहे.

जागा किती घ्यावी? दहा बाय वीस फुटांचा एक फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके), सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत), न दाबता ठेवला तर फाइल ६०० एमबीच्या जवळ जाते. माझ्यासारख्याला २ टीबी पुरते. कॉम्प्युटर ती १.८१ दाखवेल, फसवलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १,०२४ नं, एवढाच फरक. भाऊंच्या टॅलीला तर यातली एक कोपऱ्यातली खोलीही लागणार नाही, पण त्याहून लहान घेऊन पैसे काही फारसे वाचत नाहीत.

खरी फसवणूक वेगळी असते. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी मागवली, अठराशे रुपयांत. गुरुजी खूश, सगळ्या स्टाफरूमला दाखवून झालं. मी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावलं. ते डिस्क पूर्ण भरतं आणि मग भरलेलं परत वाचून जुळवतं. ६० जीबीच्या आसपास सगळं बिघडलं. डबी उघडली तर आत एक मेमरी कार्ड आणि वजन यावं म्हणून गोंदानं चिकटवलेली लोखंडाची पट्टी. अशी वस्तू कॉम्प्युटरला खोटं सांगते, फाइलींची नावं दाखवत राहते आणि मागच्या फाइलींवरच पुढच्या लिहिते. खऱ्या लहान पोर्टेबल हार्डडिस्का ५-६ टीबीच्या पुढे जात नाहीत. भाव ऐकून आनंद व्हायला लागला की समजावं.

मी तेव्हा काय केलं, तर २ टीबीच्या दोन घेतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या; एक नागपुरातून, एक ऑनलाइन. एकाच पेटीतल्या दोन बहिणी घेतल्या तर एकीचा दोष दुसरीतही असू शकतो. आल्या आल्या दोन्ही काठोकाठ भरून तपासल्या, एकेकीला रात्रभर लागलं. ज्या मरायच्या असतात त्यातल्या काही सुरुवातीलाच मरतात, आणि तेव्हा बिल हातात असतं. वॉरंटी तीन वर्षांची होती. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, पत्रिका नाही.

एकीला लाल नेलपॉलिशचा ठिपका, दुसरीला निळा. एक दुकानाच्या कपाटात, दुसरी माहेरी वणीकडं. पोळ्याला, दिवाळीला, अक्षय तृतीयेला जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल. मध्ये भाऊ आला तर त्याच्या हाती. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं लोकांच्या तोंडी बसवलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. माझं त्यात जेमतेम बसतं. चालू सीझनच्या कोरल फाइली गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतही टाकते, त्या लहान असतात. सोबत श्रीलिपीचे, म्हणजे मराठी टाइप करायच्या सॉफ्टवेअरचे, फॉन्टही. हे माझ्या धंद्यातल्यांनी विसरू नये. फाइल वाचली आणि जुना फॉन्ट नसला तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते.

माहेरी एकदा दसऱ्याला आईनं शस्त्रपूजेत विळा, पावशी आणि शिलाई मशीनसोबत माझी डिस्कही मांडली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. भावना मोठी होती, पण कुंकू बरोबर यूएसबीच्या तोंडात गेलं. मऊ कोरड्या ब्रशनं काढता काढता अर्धा तास गेला. आता ती चिवड्याच्या जुन्या स्टीलच्या डब्यात असते, झाकण लावून. पूजा डब्याची होते.

या दोघींतली लाल ठिपकेवाली २०२२ च्या ऑक्टोबरात आजारी पडली, वॉरंटी संपून चार महिने झाल्यावर. पण या वेळी आधी कळलं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर आहे, डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती ते दाखवतं. महिन्यातून एकदा पाहायचं. निळं म्हणजे ठीक. मला पिवळं दिसलं. सी५ च्या रांगेत, म्हणजे ज्या जागा वाचताना डिस्क अडखळते आहे त्यांच्या रांगेत, शून्याऐवजी आठ. आठ म्हणजे काहीच नाही, पुष्कळ डिस्का असं घेऊनही वर्षं काढतात. मी मात्र त्याच आठवड्यात नवी घेतली, भरली, तपासली, आणि लालवाली गाण्यांसाठी पोट्ट्याला देऊन टाकली. ती अजून चालते. तोच म्हणतो, "ताई, तुमी उगाच फेकली."

आणखी दोन बारीक गोष्टी. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस ठेवा. लाईन गेली किंवा वायर निघाली तर तो सावरून घेतो, एक्सफॅट तेवढा सावरत नाही. आणि काम झालं की डिस्क काढा. लावून ठेवू नका. ओळखीच्या एका डीटीपीवाल्यानं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं, सोबत व्हायरस आला. त्यानं कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइलींना कुलूप लावलं आणि डॉलरमध्ये पैसे मागितले. बॅकअपची डिस्क लावलेलीच होती. तिलाही लावलं.

एवढं सगळं लिहून झालं आणि काल संध्याकाळी भाऊंच्या दुकानात गेले, मोबाइलवर त्यांना वाचून दाखवावं म्हणून. त्यांनी डिस्क घेतलीसुद्धा होती. चांगल्या कंपनीची, २ टीबी, बिलासकट. सीपीयूच्या डोक्यावर उभी, वायर लावलेली, दिवा लुकलुकत होता. शेजारी युरियाच्या पावत्यांचा गठ्ठा, वर गरगरणारा पंखा.

"भाऊ, दुसरी कुठं हाय?"

"दुसरी कायले पायजे वो ताई? ही भारीतली हाय."

मी ती उचलून आडवी ठेवली. भाऊंनी गिऱ्हाइकाला पऱ्हाटीच्या बियाण्याची दोन पाकिटं मोजून दिली आणि वळून ती पुन्हा उभी केली.